संगणकातील कामांची पाळी

मंडळी, पाटाचे पाणी ज्या गावात येते, तिथे पाळीचे महत्त्व कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पाणी मोजके, शेते पुष्कळ. पाळी नसेल तर वरच्याचे शेत तुडुंब आणि टेलवाल्याचे कोरडे! संगणकाच्या पोटातही हाच तंटा चालतो, आणि तोही नियमानेच मिटवावा लागतो.

समजा, शाळेत एकच मोठा संगणक आहे आणि त्याला आठ पडदे जोडले आहेत. एकावर गुरुजी निकालपत्रके करीत आहेत, काहींवर मुले चित्रे काढीत आहेत, आणि कोणी स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ लहान करावयास लावला आहे. चालू असलेल्या अशा प्रत्येक कामाला ‘प्रोसेस’ म्हणतात. व्हिडिओची प्रोसेस मोठी खादाड. मेमरी अगदी संपली, की यंत्र एखादी प्रोसेस मारून जागा करते. ती नेमकी निकालपत्रकाची निघाली, तर न साठवलेले गुण गेलेच म्हणून समजा.

लिनक्स ह्या संगणक-प्रणालीत यावर उपाय आहे. गूगल कंपनीतील पॉल मेनेज व रोहित सेठ ह्या अभियंत्यांनी २००६ साली हे काम हाती घेतले, आणि २००८ च्या जानेवारीत ते लिनक्समध्ये दाखल झाले. त्याचे नाव ‘कंट्रोल ग्रुप’, म्हणजे नियंत्रण-गट. प्रोसेसचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाचा वाटा ठरवायचा, एवढेच त्याचे सूत्र.

वाटा दोन तऱ्हांनी ठरतो. प्रोसेसरच्या वेळेसाठी ‘वजन’ देतात. न सांगितल्यास ते १०० धरले जाते. गुरुजींना ३००, मुलांना २०० आणि व्हिडिओला १०० दिले, तर ओढाताण असताना वेळ निम्मा, एकतृतीयांश आणि एकषष्ठांश असा वाटला जातो. गुरुजी उठून गेले, तर त्यांचा वाटा पडून राहत नाही, इतरांना मिळतो. मेमरीची गोष्ट निराळी. वेळ कमी पडला तर काम रेंगाळते. मेमरी कमी पडली तर काम मरते. म्हणून तिथे कमाल मर्यादा घालतात. व्हिडिओच्या गटाने मर्यादा ओलांडली, तर गडी त्याच गटातला जातो; निकालाला धक्का लागत नाही.

आता कोणती प्रोसेस कोणत्या गटात जायची, हे कोण ठरवणार? त्यासाठी नियमांची यादी लिहितात. प्रत्येक नियमात तीन गोष्टी असतात: कोणाचे काम, कोणता प्रोग्रॅम आणि कोणता गट. यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम पहिला लागू पडेल तोच चालतो. म्हणून क्रम फार महत्त्वाचा! ‘गुरुजींची सर्व कामे गुरुजींच्या गटात’ हा नियम वर ठेवला आणि गुरुजींनीच व्हिडिओ सुरू केला, तर तो निकालाच्या शेजारी येऊन बसेल. तेव्हा ‘व्हिडिओचा प्रोग्रॅम, मग तो कोणाचाही असो’ हा नेमका नियम आधी, सर्वसाधारण नियम नंतर, आणि ‘उरलेले सारे’ अगदी शेवटी.

नुसत्या नावावरही विसंबू नये. पायथॉनमध्ये लिहिलेली निकालाची बेरीज आणि पायथॉनमध्येच लिहिलेला खेळ, दोन्ही ‘पायथॉन’ याच नावाने दिसू शकतात. अशा वेळी काम कोणाचे, हे पाहणे बरे. शिवाय प्रोसेसला पोर झाले, तर ते जन्मतः आईच्याच गटात असते. तेव्हा काम सुरुवातीलाच योग्य गटात सुरू करून दिले, की त्याचा सारा गोतावळा आपोआप तिथेच राहतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, नियम लिहिण्यापूर्वी दोन-चार दिवस नुसते पाहा: कोणते काम किती मेमरी घेते, कोणते थांबू शकते, कोणते मुळीच थांबू नये. वाटणी यंत्र चोख करील; पण आधी कोणाचे आणि मग कोणाचे, हे मात्र त्याला तुम्हीच सांगायला हवे.