लहान डिझेल एंजिनाची निगा

विहिरीवरच्या मोटेची जागा ऑईल एंजिनाने घेतली, त्यास आता बराच काळ लोटला. गावोगाव वीज पोचल्यानंतरही जेथे वाहिनी जात नाही, किंवा जेथे वीज अवेळी येते, तेथे पाण्याचा पंप, कडबा कापण्याचे यंत्र, गवत कापण्याचे यंत्र इत्यादी साधने लहान डिझेल एंजिनावरच चालतात. हे एंजिन दणकट असते, यात शंका नाही. परंतु दणकट म्हणून त्याची हयगय केली, तर ते ऐन पाळीच्या दिवशी बंद पडते. गहू फुलोऱ्यात असताना चार दिवस पाणी चुकले, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा पिकाचे नुकसान कितीतरी अधिक होते. यास्तव एंजिनाची नित्य निगा हे शेतीचेच एक काम समजले पाहिजे.

एंजिनाचे तत्त्व

रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे या पद्धतीचे एंजिन यशस्वी रीतीने चालवून दाखविले. यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दट्ट्या सिलिंडरातील हवा दाबून तिचे आकारमान सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यावर आणतो. त्यामुळे हवा इतकी तापते की, तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. दाब टिकला पाहिजे आणि फवारा बारीक पडला पाहिजे. धुळीने दट्ट्याच्या कड्या झिजल्या की दाब जातो, आणि तेलातील कचऱ्याने नोझल बिघडले की फवारा जातो. स्वच्छ हवा, स्वच्छ इंधन व स्वच्छ वंगण हीच निगेची त्रिसूत्री होय.

हवा

हवेच्या गाळणीवाचून एंजिन क्षणभरही चालवू नये. तेलाची गाळणी असल्यास तिची जाळी डिझेलने धुवावी, भांड्यातील गाळ काढावा व खुणेपर्यंत नवे तेल भरावे. कागदी गाळणी मात्र धुवू नये. ती हलकेच ठोकून धूळ झाडावी व फार काळवंडल्यास बदलावी. मळणी किंवा गवतकापणीच्या दिवसांत ही तपासणी रोज करावी.

इंधन

पिंपातील तेल एक दिवस स्थिर ठेवून गाळ व पाणी तळाशी बसू द्यावे आणि वरचे तेल बारीक जाळीतून टाकीत ओतावे. टाकी सायंकाळी काम संपताच भरून ठेवावी. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव साचते आणि ते पाणी पंपाचे व नोझलचे भाग गंजविते.

टाकी पूर्ण रिकामी झाल्यास नळीत हवा शिरते व एंजिन सुरू होत नाही. अशा वेळी गाळणीवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून तेलाची सलग धार येईपर्यंत ते वाहू द्यावे आणि स्क्रू घट्ट करावा. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये. तो कातडी भेदून शरीरात शिरतो. तसे झाल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

वंगण व थंडावा

एंजिन सपाट जागी, बंद असताना, रोज पट्टीवर वंगणाची पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या दरम्यान असावी. वरच्या खुणेपेक्षा अधिक भरणेही अपायकारक असते. नव्या एंजिनाचे पहिले वंगण लवकर बदलावे लागते. पुढील बदल किती तासांनी करावयाचा, हे एंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. एंजिन गरम असतानाच जुने वंगण काढावे, म्हणजे गाळही त्याबरोबर निघून जातो.

हवेने थंड होणाऱ्या एंजिनाच्या पाकळ्यांत गवत व भुसा अडकू देऊ नये. पाण्यावर थंड होणारे एंजिन पाण्यावाचून तापले, तर ते बंद करून आपोआप निवू द्यावे. तापल्या एंजिनात गार पाणी ओतल्यास सिलिंडराचे डोके तडकते.

धुराची भाषा

काळा धूर दिसला, तर भार अधिक आहे, हवेची गाळणी तुंबली आहे किंवा नोझल ठिबकते आहे, असे समजावे. निळा धूर वंगण जळत असल्याचे सांगतो. एंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर इंधनात पाणी असण्याचा किंवा तेल नीट जळत नसल्याचा संभव असतो.

सावधगिरी

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उलटा झटका बसला तरी हात सुटतो. एंजिन बंद करताना इंधनाचा दांडा ओढावा. दाब सोडण्याच्या खटक्याने ते बंद करू नये.

उन्हाळ्यात पाणी खोल गेले की काही ठिकाणी एंजिन विहिरीत उतरवितात. ही गोष्ट प्राणघातक आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि विहिरीत तो कोंडून राहतो. आत गेलेला मनुष्य बेशुद्ध पडतो आणि त्यास काढावयास उतरलेल्याचीही तीच गत होते. एंजिन नेहमी उघड्या हवेतच चालवावे.

हंगाम संपल्यावर

एंजिन अधिक दिवस बंद ठेवावयाचे असल्यास ते गरम करून वंगण बदलावे, झडपा मिटलेल्या राहतील अशा स्थितीत चाक थांबवावे आणि धुराड्याचे तोंड झाकावे. शेवटी, एक वही ठेवून तीत चाललेले तास, लागलेले तेल व वंगण बदलल्याची तारीख नोंदवावी. पाच अश्वशक्तीच्या एंजिनास पूर्ण भारावर तासाला साधारणतः एक ते सव्वा लिटर डिझेल लागते. काम तेवढेच असून हा आकडा वाढू लागला, तर बिघाडाची ती पहिली सूचना होय. ती वेळीच ओळखणाऱ्या शेतकऱ्याचे पीक पाण्यावाचून राहत नाही.