बाटलीतली ताकद (भाग ९) : साखर गेली, रुबाब राहिला

राहात्याहून एका वाचकांनी विचारलं आहे, "मुलगा जिमला जातो. एनर्जी ड्रिंक पितो, पण शुगर-फ्रीच पितो. मग काळजीचं काही नाही ना?" आज कॅफिनवर लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. बिनसाखरेचं पेय पुरुषांच्या गळी उतरवायला कंपन्यांना चाळीसेक वर्षं लागली आहेत. ती हकिगत कळल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर अर्धंच राहील.

आपल्या नगर जिल्ह्यात तर हे काम आणखी अवघड. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ च्या त्या पहिल्या गळितापासून इथल्या संसारांचं गणित उसाभोवती फिरतं आहे. त्याच्याही कितीतरी आधीपासून उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा ठेवून पाण्याचा तांब्या पुढे करायची रीत आहे. तालमीतल्या थंडाईत बदामाबरोबर खडीसाखर असतेच. गोड म्हणजे अंगात ताकद, हे इथल्या पुरुषाला कुणी शिकवावं लागत नाही. अशा माणसाला 'यातली साखर काढली आहे' असं सांगितलं, तर त्याला पहिल्यांदा वाटणार की आपल्याला कमी दिलं.

अमेरिकेतही अडचण साधारण अशीच होती. कोका-कोलानं १९६३ मध्ये 'टॅब' आणि १९८२ मध्ये 'डाएट कोक' आणलं. दोन्ही पेयांवर वजन कमी करणाऱ्या बायकांचं पेय असा शिक्का बसला. साखर नको असणारे पुरुष होते, पण चारचौघांत तो डबा हातात धरायला ते तयार नव्हते. मग २००५ मध्ये 'कोक झीरो' आलं. पेय पुन्हा बिनसाखरेचंच. 'डाएट' तेवढं नावातून गेलं आणि लवकरच डबा काळा झाला. इंग्लंडात लोक त्याला गड्यांचं कोक म्हणू लागले. २०११ मध्ये डॉ. पेपर कंपनीनं तर कहर केला. दहा कॅलरींचं 'डॉ. पेपर टेन' बंदुकीच्या नळीच्या करड्या रंगाच्या डब्यात घातलं आणि हे बायकांसाठी नाही असं जाहिरातीत सरळ सांगून टाकलं. त्यावर टीकाही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पुरुषाला धीर द्यायचा म्हणून बाईला दाराबाहेर उभं करायचं, ही विक्रीची फार हलकी तऱ्हा आहे.

आपल्याकडे हा पुरुषी रुबाब पेलायला थम्सअप तयारच होतं. नगरहून रेल्वेनं मनमाडकडे जाताना अंकाईच्या पुढे हडबीची शेंडी दिसते. उभ्या अंगठ्यासारख्या त्या सुळक्याला सगळा डबा 'थम्सअपचा डोंगर' म्हणतो. १९७७ पासूनचं हे पेय. अक्षय कुमारनं वर्षानुवर्षं त्याच्या जाहिरातींत उड्या मारल्या. पुढे तोच 'स्टिंग' या एनर्जी ड्रिंकच्या जाहिरातीत आला. आता थम्सअपची बिनसाखरेची बाटली दहा रुपयांना मिळते. तिचं नाव 'एक्सफोर्स'. साखर कमी केल्याचं नावात कुठे जाणवत नाही, उलट जोर वाढल्यासारखा वाटतो.

एनर्जी ड्रिंकला एवढा खटाटोपही करावा लागला नाही, कारण त्याचा जन्मच गड्यांमध्ये झाला. रेड बुलचं मूळ थायलंडमधल्या 'क्रेटिंग डेंग'मध्ये आहे. चलिओ युविद्या यांनी ते १९७० च्या दशकात ट्रकचालक आणि मजुरांसाठी काढलं. डिट्रिच मॅटेशिट्झ यांनी १९८७ मध्ये ते ऑस्ट्रियात महागडं करून विकलं आणि त्याची सांगड धाडसी खेळांशी घातली. पुढे शुगर-फ्री डबा फिकट निळ्या रंगात आला, तरी कुणाला तो बायकी वाटला नाही. रुबाब आधीच कमावलेला होता.

आपल्या जिल्ह्यात मात्र एनर्जी ड्रिंक पिणारे दोन वेगळे पुरुष दिसतात. हंगामात रात्री कुठल्याही कारखान्याच्या यार्डाबाहेर उभं राहून पाहा. दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर काट्याच्या रांगेत असतात. नंबर लागायला अवकाश असतो. ड्रायव्हर टपरीवर येतो आणि वीस रुपयांची लाल बाटली घेतो, साखरेची. शुगर-फ्री डबा शहरातल्या जिमशेजारच्या दुकानात, काचेच्या फ्रीजमध्ये, सव्वाशे रुपयांच्या घरात. ज्याला पोटाच्या घड्या मोजायच्या आहेत तो तिथे जातो. गंमत अशी की ऊस वाहणाऱ्याला साखर विकली जाते आणि व्यायाम करणाऱ्याला साखरेचा अभाव, पण दोघांनाही ताकद म्हणूनच.

आता हिशेब करू. अडीचशे मिलिलिटरच्या साध्या रेड बुलमध्ये साधारण २७ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभराहून थोड्या जास्त कॅलरी. शरीराला मिळणारी ऊर्जा जवळजवळ तेवढीच. शुगर-फ्रीमध्ये तीही नाही. उरतं ते कॅफिन, आणि ते साखरेबरोबर कमी होत नाही. भारतीय नियमांनुसार अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, साखर असो वा नसो. मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी योग्य नाही, दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये, या सूचना दोन्ही डब्यांवर असतात. तेव्हा राहात्याच्या वाचकांना माझं उत्तर असं : साखरेची काळजी मिटली, बाकीची आहे तशीच आहे. मुलगा शाळकरी असेल तर दोन्ही डबे बंद. जुलै २०२४ मध्ये मूळचे संगमनेरचे आमदार सत्यजित तांबे यांनी विधान परिषदेत हाच विषय काढला, तेव्हा मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफिनच्या पेयांची विक्री बंद करण्याचा आदेश काढू असं सांगितलं होतं. तिथेही प्रश्न कॅफिनचाच होता.

साखर नसताना येणाऱ्या गोडीचंही सांगायला हवं, कारण त्यात आपल्या भाषेतलं एक आडनाव आहे. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्याकडे शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक काम करत होते. संशोधन 'टेट अँड लाइल' या साखर कंपनीबरोबरचं. एक पदार्थ तपासायला (test) सांगितला होता, फडणीसांनी चाखायला (taste) सांगितलं असं ऐकलं आणि जिभेवर ठेवला. तो विलक्षण गोड निघाला. तेच सुक्रालोज, साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड. ते साखरेपासूनच बनतं. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून त्या जागी क्लोरिन बसवलेला असतो. बऱ्याच बिनसाखरेच्या पेयांत हेच असतं.

एक गोष्ट मला खटकते. ब्रिटननं २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, त्यामुळे कंपन्यांनी पेयांतली साखर खरोखर उतरवली. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ पासून या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, साखरेच्या बाटलीवर जेवढा तेवढाच बिनसाखरेच्या. त्यामुळे साखर काढल्याबद्दल दुकानदाराला किमतीत काही दाखवता येत नाही, आणि जाहिरातदाराच्या हाती काळा डबा आणि दंडाचे स्नायू एवढंच उरतं. कराचा हा धागा कॅफिनच्या भागात पुन्हा घेऊ. तोवर घरात रिकामा डबा असेल तर फेकू नका, पुढच्या आठवड्यात त्यावरचा बारीक मजकूर ओळीनं वाचायचा आहे.