जागा जुळली, वेळ जुळली का?

बहुवाहतूक केंद्र म्हटलं की आपल्यासमोर इमारत येते. एसटी, मेट्रो, रिक्षा एका आवारात, वर दुकानं. ॲरिस्टॉटलने वस्तूचं उपादान कारण आणि तिचं प्रयोजन वेगळं मानलं. आपणही तेच विचारू: हे केंद्र कशाचं बांधलंय, यापेक्षा ते कशासाठी आहे?

इथलंच बघू. डिंभे धरणाच्या पाण्यात आंबेगाव बुडालं, तालुक्याला नाव तेवढं राहिलं. कचेऱ्या घोडेगावला, मोठा बाजार मंचरला. पाण्यापलीकडच्या वाडीतली आजारी बाई ससूनला निघाली, तर आधी होडी नाहीतर जीप, मग डिंभ्याहून एसटी, मंचरला पुणे-नाशिक रस्त्यावरची गाडी. वाहनं अनेक, खाती वेगवेगळी. तिच्या लेखी मात्र प्रवास एकच. म्हणून तो कुठे तुटतो, हे तिलाच नेमकं कळतं.

पुण्यातही तो तुटला. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं. १ ऑगस्ट २०२३ ला जुन्या जागेखालून मेट्रो धावू लागली, तेव्हा एसटी वाकडेवाडीतच होती. म्हणजे मेट्रो आली, पण गावाकडच्या माणसाला तिच्यापर्यंत जायला रिक्षा करावी लागली.

जागा जुळवणं हे अर्धंच काम. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठराविक अंतराने गाड्या सोडायला सुरुवात केली. १९८७ च्या सार्वमताने 'रेल्वे २०००' योजना मान्य झाली. मोठ्या जंक्शनवर गाड्या तासाच्या ठोक्याआधी येतात, ठोक्यानंतर चहूकडे सुटतात. डोंगरातल्या गावाला जाणारी पिवळी पोस्ट-बस बाहेर उभीच असते. तिथे आधी वेळापत्रक ठरलं, आणि कुठे नवे रूळ टाकायचे ते त्यावरून ठरलं.

मग केंद्राची कसोटी कोणती? आमच्या मते, शेवटची गाडी. सकाळी जाणाऱ्याला चार पर्याय असतात. संध्याकाळी परतणाऱ्याला एकच. मंचरची गाडी दहा मिनिटं उशिरा आली आणि डिंभ्याची एसटी निघून गेली, तर त्या बाईची रात्र स्टँडवर जाते. पुढच्या वेळी ती दवाखानाच टाळते. हा तोटा कुठल्याच खात्याच्या हिशेबात दिसत नाही.

यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. डिंभ्याला शेड, प्यायचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, सगळ्या वाहनांच्या वेळा लिहिलेला एकच फळा. आणि मागची गाडी आल्याशिवाय शेवटची सुटणार नाही, असा नियम. ग्रामसभेत ठराव करून आगाराकडे ही मागणी आपण नक्कीच करू शकतो.