तीन मिनिटांची तबकडी आणि रात्रभराची ओवी



आमच्या कवठे महांकाळ तालुक्यांत आरेवाडी येथें बिरोबाचें बन आहे. तेथील यात्रेस धनगर मंडळी दूरदूरच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. ढोल व कैताळ यांच्या घोषांत गजीनृत्य होतें आणि रात्रीं ओवी रंगते. ओवी सांगणारा एक असतो. साथीदार त्याचे शब्द झेलून पुढें नेतात. मध्येंच गाणें थांबतें, कथा गद्यांत चालते आणि पुन्हां सूर लागतो. ही ओवी जुन्या यंत्रावर, सर्वांना एकत्र बसवून मुद्रित करावी असें कोणी मनांत आणलें, तर तें कितपत साधेल, याचा आज विचार करूं.

प्रथम जुनी रीत पाहूं. १९०२ सालीं गैसबर्ग हे कलकत्त्यास ध्वनिमुद्रणासाठीं आले, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. गाणारानें एका मोठ्या कर्ण्यापुढें तोंड धरावयाचें. त्याच्या आवाजाच्याच जोरावर सुई हालून मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत असे. आवाज लहानमोठा करण्याची सोय नसल्यामुळें सारें कौशल्य माणसें कोठें उभीं करावीं यांत होतें. नाजूक आवाज कर्ण्याशीं, दणदणीत वाद्य दूर. ढोल जवळ आला असता तर सुईच भरकटली असती. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला आणि आवाज अधिक स्पष्ट उमटूं लागले. परंतु मेण तेंच राहिलें. त्यावर सुई फिरवून ऐकावें, तर कोरलेली रेघ बिघडे. म्हणून चूक झाली कीं नवें मेण घेऊन पहिल्यापासून आरंभ करावा लागे.

दुसरें बंधन वेळेचें. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडींत तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ मावे. घटकान् घटका रंगणारा ख्याल तिच्यासाठीं आटोपता घ्यावा लागला. जाणत्या गवयांनीं हें बंधन पेललें. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या आजहि आवडीनें ऐकल्या जातात. ओवीची गोष्ट मात्र निराळी आहे. ख्यालाचें सार काढतां येतें. कथेचें सार काढलें तर केवळ सारांश उरतो.

ही अडचण फितीनें दूर केली. महाराष्ट्रांत दीर्घकाळ संशोधन करणारे जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनीं धनगरांच्या ओव्या फितीवर उतरवून घेतल्या. त्यांतील बिरोबा व धुळोबा यांच्या दोन प्रदीर्घ ओव्या अॅन फेल्डहाउस यांनीं इंग्रजींत आणून २०१४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. तीन मिनिटांच्या तबकडीवर हें कार्य घडणें अशक्य होतें.

तरीहि जुन्या रीतींत एक मोठा गुण होता. ‘द अमेरिकन एपिक सेशन्स’ या चित्रपटासाठीं १९२५ च्या धर्तीचें यंत्र पुन्हां जुळविण्यांत आलें. तें वजनाच्या ओढीनें चाले. वजन जमिनीस टेकण्याच्या आंत, सुमारें तीन मिनिटांत, गाणें संपलें पाहिजे. सर्वांनीं एकाच वेळीं, एकमेकांकडे पाहून वाजवावयाचें! आजच्या प्रचलित पद्धतींत प्रत्येकजण निरनिराळ्या वेळीं, कानाला हेडफोन लावून, यंत्राच्या ठोक्याबरहुकूम गातो आणि तुकडे मागाहून जोडले जातात. ओवींत साथीदार मुख्य गाणाराचा श्वास ओळखून शब्द उचलतो. गाणारा आज आणि साथीदार उद्यां, असें झालें तर तो कोणाचा श्वास ओळखणार?

तात्पर्य, जुन्या रीतींतून एकत्र बसणें घ्यावें आणि तीन मिनिटांचा जाच सोडावा. ओवीकार मायक्रोफोनपासून दोन हातांवर, साथीदार त्याच्या मागें अर्धवर्तुळांत, ढोल व कैताळ खोलीच्या दूरच्या टोकास बसवावे. जुन्या फितीच्या यंत्रावर सेकंदास पंधरा इंच वेग ठेवल्यास साडेदहा इंची रीळहि अर्ध्या तासाच्या सुमारास संपतें. म्हणून दोन यंत्रें ठेवावीं आणि पहिलें थांबण्यापूर्वीं दुसरें सुरू करावें. कथेचा धागा तुटतां कामा नये.

मुख्य गोष्ट अशी कीं, अशा ओव्या ज्यांना मुखोद्गत आहेत ते वृद्ध होत चालले आहेत. यंत्र जुनें मिळो वा नवें, तें दुरुस्त करतां येतें. विसरलेली ओवी मात्र कोणालाहि दुरुस्त करतां येणार नाहीं. म्हणून यंत्राची निवड करीत बसण्यापेक्षां आधीं ओवीकाराच्या वाडीची वाट धरावी, आणि त्याची कथा संपेपर्यंत बसण्याची तयारी ठेवून जावें.