बिल्डिंग उभी राहायच्या आधी: शेजाऱ्यांचं म्हणणं नेमकं कधी ऐकलं जातं?

या भागाचं हे लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि वाचून झालं की गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, कारण आजचा विषय गल्लीचाच आहे.

सोलापुरात सध्या कुठल्याही जुन्या पेठेत जा. एखादा वाडा पडलेला दिसतो, पत्रे मारलेले असतात आणि त्यावर सात-आठ मजली अपार्टमेंटचं चित्र. मग कट्ट्यावर चर्चा सुरू होते. अहो, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यात अजून चाळीस घरं? ड्रेनेज पुरणार का? गाड्या कुठं लावणार? सगळे प्रश्न रास्त आहेत. पण बहुतेक वेळा ते विचारले जातात पत्रे लागल्यावर, आणि खरी गोम तिथंच आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. रिक्वायरमेंट ठरत असताना बदल सुचवला तर एक ओळ बदलावी लागते. तोच बदल सिस्टीम लाइव्ह झाल्यावर मागितला तर सगळे तुमच्याकडं डोळे वटारून बघतात. शहराच्या बांधकामाचंही तसंच आहे.

कायदा शेजाऱ्याला कधी विचारतो?

आपल्याकडं मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. लोक याला एमआरटीपी म्हणतात. यात दोन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत.

पहिली पायरी नियम आणि नकाशा ठरवण्याची. शहराचा विकास आराखडा तयार होतो, तेव्हा प्रारूप प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. नियोजन समिती हरकतदारांची सुनावणी घेते. नंतर एखाद्या भूखंडाचं आरक्षण उठवायचं असेल तर कलम ३७ लागू होतं. राजपत्रात नोटीस येते, एक महिन्याच्या आत कुणीही हरकत घेऊ शकतो आणि हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. इथं ‘कुणीही’ हा शब्द महत्त्वाचा. तुम्ही जागामालक असायची गरज नाही.

दुसरी पायरी एकेका इमारतीच्या परवानगीची. बिल्डर नकाशा सादर करतो, महापालिका तो नियमांशी ताडून बघते. नियमात बसला की परवानगी. इथं शेजाऱ्यांना बोलावून विचारायची पद्धतच नाही. मोठ्या प्रकल्पांनाही हेच. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेलं आहे.

म्हणजे बोलायची जागा पहिल्या पायरीवर, आणि आपण जागे होतो दुसऱ्या पायरीवर.

दोन गोष्टी: एक उशिराची, एक वेळेवरची

उशिराची गोष्ट मुंबईच्या गिरण्यांची. सोलापूरकरांना ही जवळची वाटेल, कारण १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजीपर्यंत आपलं गावही भोंग्यावरच चालायचं. मुंबईत १९९१ चा नियम असा होता की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर साधारण तीन वाटे करायचे: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाचा. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. आता वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, शेड उभ्या असलेल्या जमिनीची नाही. कागदावर दोन-चार शब्दांचा फरक, पण शहराच्या वाट्याची जमीन एकदम आक्रसली. या दुरुस्तीविरुद्ध जनहित याचिका आली २००५ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल याचिकेच्या बाजूनं लागला, पण ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. परळ-लोअर परळचे टॉवर आज आपण बघतोच.

वेळेवरची गोष्ट गोव्याची. ऑगस्ट २००६ मध्ये तिथं प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. त्यात बागायती, डोंगरउतार अशा जमिनी वसाहत क्षेत्र म्हणून रंगवल्या होत्या, म्हणजे पुढं अपार्टमेंट प्रकल्पांना रस्ता मोकळा. काही महिन्यांत ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं. निमंत्रक होते डॉ. ऑस्कर रिबेलो. यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. नकाशा उघडून आपल्या गावात नेमका कुठला रंग बदललाय ते लोकांना दाखवलं. डिसेंबरमध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली आणि जानेवारी २००७ मध्ये मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांनी आराखडा रद्द करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या आराखड्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासह कृती दल नेमलं गेलं आणि मसुदे ग्रामपंचायतींपर्यंत सूचनांसाठी गेले.

आता लगेच टाळ्या वाजवू नका. २०२३ मध्ये गोव्यात कलम १७(२) आलं. आराखड्यातली ‘चूक दुरुस्त’ करायच्या नावाखाली एकेका भूखंडाचं क्षेत्र बदलायची वाट. पुन्हा याचिका, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याचे नियम रद्द केले. याचिकाकर्त्यांत गोवा बचाव अभियान होतंच. अठरा वर्षांनी! संघटना टिकली म्हणून नोटिशीवर कुणाची तरी नजर राहिली.

मग गल्लीनं काय करायचं?

एक: कागद मिळवा. प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल तर मंजूर नकाशा संकेतस्थळावर बघायला मिळतो. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. ऐकीव माहितीवर मोर्चा काढू नका.

दोन: टेप घेऊन रस्ता मोजा. चेष्टा नाही करत. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत किती बांधता येईल हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नकाशात दाखवलेली रुंदी आणि जागेवरची रुंदी जुळत नसेल, तर तुमच्या हातात ठोस मुद्दा आहे.

तीन: मागणी नेमकी करा. ‘बिल्डिंग नको’ म्हटलं की अधिकारी हात वर करतात, कारण जागामालकालाही हक्क आहे. त्यापेक्षा ‘पार्किंग नियमाप्रमाणं दाखवलंय का, पावसाचं पाणी कुठं सोडणार, बाजूची मोकळी जागा किती’ असं विचारलं की लेखी उत्तर द्यावं लागतं. परवानगी चुकीच्या माहितीवर मिळवलेली निघाली तर पुढची दारं उघडतात. झाडं तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात, तिथं शेजाऱ्याला थेट बोलता येतं.

चार: दोघा-तिघांवर नोटिसा वाचायचं काम सोपवा. राजपत्र, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, महापालिकेचं संकेतस्थळ. कंटाळवाणं काम आहे, पण एक महिन्याची मुदत कुणासाठी थांबत नाही.

आणि एक कटू प्रश्न

शेजारी एकत्र येतात ते दरवेळी पाण्यासाठीच येतात असं नाही. कधी कधी ‘तसले लोक इथं नकोत’ हे पाण्याच्या मागं लपलेलं असतं. म्हणून सोलापूरचंच दुसरं उदाहरण ठेवतो. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये ३०,००० घरांचा प्रकल्प. विडी, यंत्रमाग अशा असंघटित कामगारांनी माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं मागणी रेटली आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या टप्प्यातली १५,००० घरं देण्यात आली. इथं लोक प्रकल्प अडवायला नाही, मिळवायला एकत्र आले होते.

शहर वाढणार, घरं लागणार. विरोध करण्याआधी गल्लीनं बसून ठरवावं की आपल्याला नक्की काय हवंय: बिल्डिंग नको आहे, की पाणी, गटार आणि रस्त्यासकट हवी आहे? पहिल्याला कायद्यात फारशी जागा नाही. दुसऱ्याला आहे, फक्त वेळेत मागायला हवं.

तुमच्या भागात अशी नोटीस लागली असेल तर तिचा फोटो आणि तारीख पाठवा. पुढच्या भागात जाहीर सूचना ओळीनं कशी वाचायची ते बघू. चला, भेटू.