विश्लेषण : बॅकअप घेताना डीव्हीडी ड्राइव्ह मध्येच का थांबतो? दोष खरेच त्याचाच असतो का?

नाशिकचा गंगापूर रोड म्हणजे लॉन्स आणि मंगल कार्यालयांचा रस्ता. इथे लागलेल्या कितीतरी लग्नांचे व्हिडिओ आजही फोटो स्टुडिओतल्या किंवा घरातल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये पडून असतील. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. असा संगणक बदलायचा किंवा फॉरमॅट करायचा म्हटले की आधी बॅकअप आला. डीव्हीडी टाकली जाते, बर्निंग सुरू होते, आणि ४० टक्क्यांवर सगळे ठप्प! माउसही हलत नाही. पहिला संशय डीव्हीडी ड्राइव्हवर. तो बदलून पुन्हा प्रयत्न केला जातो, आणि नेमके तिथेच नुकसान होऊ शकते.

ड्राइव्ह थांबतो म्हणजे काय होते?

डीव्हीडीवर लेझर सलग लिहीत जातो. त्यासाठी हार्ड डिस्कमधून डेटा न तुटता यावा लागतो. पूर्वी हा पुरवठा क्षणभर खंडित झाला तरी डिस्क वाया जायची. २००० च्या सुमारास सान्योने ‘बर्न-प्रूफ’ तंत्र आणले आणि पुढे बहुतेक ड्राइव्हमध्ये तशी सोय आली. डेटा आला नाही तर लेझर थांबतो, आला की तिथूनच पुढे लिहितो. म्हणजे थांबलेला ड्राइव्ह बिघडलेलाच असेल असे नाही. अनेकदा तो उपाशी असतो.

उपाशी का? हार्ड डिस्कवर बॅड सेक्टर असेल तर डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. तेवढा वेळ संगणक गोठल्यासारखा होतो. अशा वेळी बर्निंग दहा वेळा सुरू करणे म्हणजे मरणाऱ्या डिस्कला दहा वेळा पळवणे.

दोषी कोण, हे कसे ओळखायचे?

सोपी चाचणी : ज्या फोल्डरवर बर्निंग अडकते तेच फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून पाहा. तिथेही त्याच फाइलवर अडकले, तर डीव्हीडी ड्राइव्ह निर्दोष. आणखी खात्री हवी असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टीम’ पाहा. ‘बॅड ब्लॉक’ची नोंद, म्हणजे इव्हेंट ७, तिथे दिसली तर तिचा ‘सोर्स’ वाचा. ‘डिस्क’ असेल तर संशय हार्ड डिस्कवर, ‘सीडीरॉम’ असेल तर ड्राइव्ह किंवा चकतीवर. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअरही डिस्कची तब्येत सांगते. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्याच्या वर असेल तर सावध व्हा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर चाचण्याही नकोत. संगणक बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. आवाज नसेल, पण बॅड सेक्टर असतील, तर जाणकाराकडून जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने डिस्कची प्रत काढून घ्यावी. हे साधन आधी नीट वाचता येणारा भाग उचलते आणि खराब भागाशी झटापट शेवटी करते.

आणि ड्राइव्हच दोषी असेल तर?

लेन्सवर धूळ, हलक्या प्रतीची किंवा ओरखडे पडलेली चकती, थकलेला लेझर ही नेहमीची कारणे. वेग १६एक्सवरून ४एक्स किंवा ८एक्सवर आणल्यावर बरेचदा काम होते. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह हबला न जोडता थेट संगणकाला जोडा. लिहिताना त्याला जास्त वीज लागते आणि ती कमी पडली की तो मध्येच मान टाकतो.

एक कारण सहज सुटते. सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठीचा पर्याय निवडल्यास विंडोज फाइल्स आधी तात्पुरत्या सी ड्राइव्हवर ठेवते. तिथे किमान पाच-सहा जीबी जागा मोकळी हवी.

पट्टी ९९ टक्क्यांवर थांबली आणि ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र हात लावू नका. चकती ‘बंद’ करण्याचे काम चालू असते, त्याला काही मिनिटे लागतात.

मुळात डीव्हीडीच का?

प्रश्न रास्त आहे. एका डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. १ टीबीची भरलेली डिस्क उतरवायला २१३ चकत्या आणि ८एक्स वेगाने तीस तासांच्या आसपास वेळ लागेल. चकत्यांचा बाजारही आटला आहे. एकेकाळी जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणल्या जाणाऱ्या भारताच्या मोझर बेअरचे २०१८ मध्ये अवसायन सुरू झाले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचे उत्पादन थांबवले. त्यामुळे संपूर्ण बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा. निवडक फोटो-व्हिडिओंची जादा प्रत म्हणून डीव्हीडी ठीक, पण ती ऊन आणि दमटपणापासून दूर ठेवावी.

जुना संगणक फॉरमॅट करण्याआधी ती प्रत दुसऱ्या संगणकावर लावून चार-पाच फाइल्स शेवटपर्यंत चालवून पाहा. फाइलचे नाव दिसले म्हणजे ती उघडेलच असे नाही.