बंदुकीची नोंद सरकारदरबारी, मनाची कोणाकडे?

आरोग्याच्या सदरात बंदुकीचे काय काम, असे वाचक विचारतील. पण परवान्याच्या अर्जाला जोडायच्या कागदांत एक डॉक्टरांचाही असतो आणि तो घेऊन माणसे लालबागच्या माझ्या दवाखान्यात येतात. बहुतेक निवृत्त जवान, सातारा-कोल्हापूरकडचे; आता बँकेत नाहीतर सराफाच्या पेढीवर पहारेकरी.

बंदुकीची नोंद ठेवण्यात आपले सरकार कडक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मुंबईत पोलिस आयुक्त परवाना देतात, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. पूर्वी ही माहिती त्या त्या कचेरीच्या दप्तरात असे. २०१२ पासून देशभरातील परवान्यांची एकच संगणकीय यादी होऊ लागली आणि प्रत्येक परवानाधारकाला स्वतंत्र क्रमांक मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच झाली.

डॉक्टरांचा कागद

२०१६ च्या नियमांनुसार अर्जदार शरीराने व मनाने निरोगी आहे, त्याला दारू वा अमली पदार्थांचे व्यसन नाही, असा दाखला लागतो. रक्तदाब मोजून, डोळे पाहून सही करण्याइतके हे सोपे नाही. शिवाय दाखला त्या दिवसापुरता खरा. पाच वर्षांत माणसाची झोप जाते, नोकरी जाते, बाटली जवळची वाटू लागते, उतारवयात विसरभोळेपणाही येतो. यादीतला क्रमांक तोच राहतो.

२२ एप्रिल २००६ रोजी प्रमोद महाजन यांच्यावर वरळीच्या राहत्या घरी धाकट्या भावाने गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. ते पिस्तूल परवान्याचे होते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. नोंद होती, तरी इजा टळली नाही.

येथे एक गैरसमज दूर करतो. मनाचा आजार झालेला माणूस दुसऱ्याच्या जिवावर उठतो, हे सरसकट खरे नाही. उदासीनतेच्या रुग्णाचा धोका बहुधा स्वतःलाच असतो. जीव नकोसा वाटण्याची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. त्या वेळी घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये जवानांनी सुटीला घरी जाताना बंदूक नेणे कमी केले, तेव्हा त्यांच्यातील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. शेतावरचा कीटकनाशकाचा डबा कुलपात ठेवा, असे आपण सांगतो त्यामागचे कारणही हेच.

पोटाचा प्रश्न

मग पहारेकरी त्रास सांगत का नाहीत? कारण स्वतःची परवान्याची बंदूक आहे म्हणूनच अनेकांना नोकरी मिळते. बंदूक जमा केली की पगार गेला. माझ्याकडे आलेल्या एकाने 'सगळं झकास आहे' असे सांगितले. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "डॉक्टर, महिना झाला, हे रात्रभर बसून असतात." चाळीतली दहा बाय बाराची खोली, बंदूक कपाटामागे, दोन मुले तिथेच झोपणारी. समजूत घातल्यावर त्याने बंदूक जमा केली, औषध सुरू केले. मालकाने त्याला बिनबंदुकीचे फाटकाचे काम दिले. पगार घटला, पण झोप परत आली.

घरात बंदूक असेल तर

१. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा; काडतुसे वेगळ्या कुलपात. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

२. झोप उडणे, एकलकोंडेपणा, वाढलेली दारू, 'माझं आता काय राहिलं' अशी भाषा दिसली तर वाट पाहू नका. बंदूक पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवण्याची व्यवस्था करा.

३. परवानाधारकाच्या निधनानंतर बंदूक आठवण म्हणून घरात ठेवू नका. ती रीतसर जमा करणे कायद्याने बंधनकारक आहे.

४. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस' दूरध्वनी विनामूल्य आहे. मराठीतही बोलता येते.

निवडणूक आली की पोलिसांच्या सांगण्यावरून बंदुका ठाण्यात जमा होतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. घरातल्या माणसाच्या मनावर कठीण दिवस आले, तर तेव्हाही तसेच करायला काय हरकत आहे?